'आयलँड' आणि 'आइल': दिसायला सख्खे, मुळात परके

प्रश्न (भाषांतर करणारी)

नमस्कार. सागरी भूगोलावरील एका इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर मी सध्या करत आहे. त्यात 'आयलँड' आणि 'आइल' हे दोन शब्द पानोपानी येतात. पहिल्या दोन प्रकरणांत मी दोन्हींसाठी निःशंकपणे 'बेट' हा एकच शब्द वापरला. तिसऱ्या प्रकरणात मात्र लेखकाने एकाच परिच्छेदात एका बेटाला आधी 'आयलँड' आणि तीन ओळींनंतर 'आइल' म्हटले आहे. तो फरक त्याने जाणूनबुजून केला असेल, तर माझ्या एकाच 'बेट' शब्दाने तो पुसून टाकला आहे, या विचाराने काम थांबले आहे.

आजवर माझी अशी समजूत होती की 'आइल' हे 'आयलँड'चेच आखूड रूप असावे. दोन्हींचे स्पेलिंग आय-एस-एल या तीनच अक्षरांनी सुरू होते, दोन्हींत 'एस' लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, आणि दोन्हींचा अर्थ बेट असाच आहे. मग 'आइल'ला 'लँड' म्हणजे जमीन हा शब्द जोडून 'आयलँड' तयार झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण काल एका कोशात हे दोन शब्द परस्परांशी संबंधित नाहीत, असे एका ओळीचे विधान वाचले. पुढे काही स्पष्टीकरण नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. हे दोन शब्द खरोखरच वेगवेगळ्या मुळांचे आहेत का, आणि असतील तर दोन्हींत तोच मुका 'एस' कसा आला? आजच्या इंग्रजीत कोणता शब्द कुठे वापरतात, आकारावरून की आणखी कशावरून? आणि मराठीत 'बेट' व 'द्वीप' असे दोन शब्द हाताशी असताना त्यांची वाटणी या दोन इंग्रजी शब्दांमध्ये करणे योग्य ठरेल का?

उत्तर (निवृत्त इंग्रजी शिक्षक)

आपण कोशात वाचलेले विधान बरोबर आहे. मी स्वतः अनेक वर्षे वर्गात 'आइल अधिक लँड' अशी फोड करून मुलांना स्पेलिंग पाठ करायला सांगत असे. ती फोड चुकीची होती, हे कळल्यापासून मी या शब्दाची हकीकत प्रत्येक वर्गाला सांगत आलो. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

'आयलँड' हा अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या मूळ भाषाकुळातला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत बेटासाठी 'ईय' असा एक लहानसा शब्द होता आणि त्याचे मूळ पाण्याशी निगडित आहे. त्यालाच 'लँड' जोडून 'ईयलँड' हा जोडशब्द झाला. त्याचा अर्थ पाण्यातली जमीन. मध्ययुगीन इंग्रजीत तो आय-एल-ए-एन-डी असा, कधी आरंभी 'वाय' घेऊन, सरळ उच्चाराप्रमाणे लिहिला जात असे. त्यात 'एस' नव्हता, कारण तो असण्याचे काही कारणच नव्हते. डच भाषेतील या शब्दाच्या सख्ख्या भावंडातही आजवर 'एस' नाही.

'आइल'चा प्रवास पूर्णपणे निराळ्या वाटेने झाला आहे. लॅटिनमधील 'इन्सुला' म्हणजे बेट. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये 'इल' झाले आणि फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जे असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत आले, त्यांच्यातून हाही आला. आला तेव्हा तोसुद्धा बहुतेक 'एस'शिवायच लिहिला जाई. पुढे लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मूळ शब्दाची खूण राहावी म्हणून त्यात 'एस' घातला. हे त्या काळातील विद्वत्तेच्या वळणाला धरूनच होते. 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दातला मुका 'बी' आणि 'डाउट' म्हणजे शंका या शब्दातला मुका 'बी' हेही लॅटिनच्या आठवणीसाठी असेच बसवलेले आहेत. ते उच्चारले जात नाहीत, पण त्यांना निदान ऐतिहासिक आधार आहे. 'आइल'मधल्या 'एस'लाही तसा आधार आहे.

खरी चूक त्यानंतर झाली. सोळाव्या शतकात लोकांना वाटले की 'आयलँड' हा 'आइल'चाच नातेवाईक असणार आणि त्यातला 'एस' कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे गळाला असणार. म्हणून त्यांनी तो 'परत' बसवला. जो मुळात कधी नव्हताच, तो परत येऊ शकत नाही. पण तेव्हा हे कोणाच्या लक्षात आले नाही. बदल एका दिवसात झाला नाही. इंग्रज कवी जॉन डन यांच्या १६२४ साली छापलेल्या गद्यग्रंथात कोणताही माणूस हा बेट नसतो, या अर्थाचे जे प्रसिद्ध वाक्य आहे, त्यात मूळ छपाईत हा शब्द 'एस'शिवायच आहे. आजच्या आवृत्त्या त्यात 'एस' घालतात आणि वाचकाला तो पहिल्यापासून तसाच होता असे वाटते. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र 'एस'चे रूप स्थिर झाले आणि जुने, बरोबर रूप मागे पडले.

याच तऱ्हेची चूक इंग्रजीत इतरत्रही झालेली आहे. 'फीमेल' या शब्दाचा 'मेल'शी मुळात संबंध नाही, तो लॅटिन 'फेमिना'च्या लघुरूपातून फ्रेंचमार्गे आला आणि केवळ 'मेल'च्या शेजारी राहून त्याच्यासारखा लिहिला जाऊ लागला. 'सॉव्हरिन' म्हणजे सार्वभौम या शब्दातला 'जी' हा 'रेन' म्हणजे राज्य करणे या शब्दाकडे पाहून शिरला. 'कुड'मधला 'एल' हा 'वुड' आणि 'शुड' यांच्याकडे पाहून आला, कारण त्या दोघांमध्ये तो न्याय्य होता.

आणखी एक गोष्ट. फ्रेंचांनी आपल्या 'इल'मधला 'एस' पुढे काढून टाकला. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीत असे अनेक मुके 'एस' गेले आणि त्यांच्या जागी स्वरावर टोपीसारखे चिन्ह आले. म्हणजे ज्या भाषेकडून शब्द घेतला तिने ते अक्षर सोडले, आणि ज्या शब्दाला त्यावर कधीच हक्क नव्हता त्या 'आयलँड'ने ते अजून सांभाळले आहे.

उत्तर (नकाशांचा अभ्यासक)

वरील उत्तराशी सहमत आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे आजच्या वापराबद्दल लिहितो.

आकारावरून भेद करावा, असे पुष्कळ ठिकाणी सुचवले जाते: मोठे ते 'आयलँड', लहान ते 'आइल'. त्यात थोडे तथ्य आहे. सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरच्या ग्रीनलँडला कोणी 'आइल' म्हणणार नाही. पण नियम म्हणून हे टिकत नाही. स्कॉटलंडजवळचे स्काय हे सुमारे १,६५० चौरस किलोमीटरचे बेट नावाने 'आइल ऑफ स्काय' आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्कट्राझ सुमारे ९ हेक्टरचे असूनही 'अल्कट्राझ आयलँड' आहे.

माझ्या मते खरा फरक शब्दाच्या वावराचा आहे. 'आयलँड' हा रोजच्या व्यवहारातला, कुठेही चालणारा शब्द आहे. भूगोल, कायदा, बातम्या, प्रवास, सगळीकडे सामान्यनाम म्हणून तोच येतो. बेटावर राहणाऱ्याला 'आयलँडर' म्हणतात. त्याचे लाक्षणिक वापरही भरपूर आहेत: रस्त्याच्या मधोमध वाहतूक विभागणारा उंचवटा, स्वयंपाकघराच्या मध्यभागी चारही बाजूंनी मोकळा असलेला ओटा, आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षा अधिक तापलेले शहर, या सगळ्यांना 'आयलँड' म्हणतात. यांपैकी एकाही ठिकाणी 'आइल' चालणार नाही. 'आइल' उरला आहे तो दोनच जागी. एक विशेषनामांत, आणि दुसरी काव्यमय किंवा भावपूर्ण लेखनात. कोणी साध्या संभाषणात 'मी एका आइलवर राहतो' असे म्हटले, तर इंग्रजी कानाला ते जुन्या कवितेतल्या ओळीसारखे लागेल.

विशेषनामांत शब्दक्रम पाहिला की फरक चटकन दिसतो. 'आइल' बहुधा पुढे येतो आणि त्याला 'ऑफ' लागतो: आइल ऑफ वाइट, आइल ऑफ मॅन. 'आयलँड' बहुधा नावाच्या मागे येतो: लाँग आयलँड, ईस्टर आयलँड, ख्रिसमस आयलँड. फ्रेंचांनी ठेवलेल्या नावांत क्रम बदलतो, उदाहरणार्थ 'बेल आइल', म्हणजे सुंदर बेट. द्वीपसमूहांच्या बाबतीत ब्रिटनच्या आसपास 'आइल्स' हे अनेकवचन टिकून आहे, जसे ब्रिटिश आइल्स आणि वेस्टर्न आइल्स, तर जगात इतरत्र बहुतेक 'आयलँड्स' आहेत: सॉलोमन, कुक, फॉकलंड. ब्रिटनजवळसुद्धा चॅनल आयलँड्स आहेतच, त्यामुळे हाही केवळ कल समजावा, नियम नव्हे.

भाषांतर करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. नावात 'आइल' आहे म्हणून ती जागा बेट असेलच असे नाही. लंडनमधील आइल ऑफ डॉग्ज हा थेम्स नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेला भूभाग आहे. आइल ऑफ पर्बेक हे द्वीपकल्प आहे. आइल ऑफ थॅनेट एकेकाळी वॉन्टसम या खाडीमुळे मुख्य भूमीपासून खरोखर तुटलेले होते, पण ती खाडी गाळाने भरली आणि बेट जमिनीला जोडले गेले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलँडचेही तसेच झाले आहे. अशा जागी 'थॅनेट बेट' असे लिहिले, तर वाचक नकाशात पाणी शोधत बसेल.

माझे सर्वांत आवडते उदाहरण केंट परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरचे 'आइल ऑफ शेपी' हे आहे. 'शेपी' म्हणजे जुन्या इंग्रजीत मेंढ्यांचे बेट. शेवटचा 'ई' उच्चार म्हणजे वर सांगितलेला तोच 'ईय'. म्हणजे या एकाच नावात लॅटिन मुळाचा 'आइल' आणि 'आयलँड'चा पहिला, जर्मानिक अर्धा भाग शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि नाव उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपण 'बेट' दोनदा म्हणत आहोत हे ठाऊक असते. जर्सी, अँगल्सी, ऑर्कनी यांच्या शेवटीही बेट या अर्थाचाच शब्द आहे. तो नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आला असून 'ईय'चा भाऊ आहे.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. शेपीचे उदाहरण वाचून मी नकाशा उघडून बसले. आता एक शंका उरते. 'आयसोलेट', 'इन्सुलेट', 'इन्सुलर' आणि 'पेनिन्सुला' हे शब्द यांपैकी कोणाचे म्हणायचे? आणि जर्मन नकाशांवर उत्तर अटलांटिकमध्ये एका देशावर चक्क 'आयलँड'चेच स्पेलिंग छापलेले दिसते, ते काय आहे?

उत्तर (निवृत्त इंग्रजी शिक्षक)

नकाशावरचे आधी सांगतो. तो आइसलँड आहे. जर्मन भाषेत त्या देशाचे नाव इंग्रजी 'आयलँड'सारखेच लिहितात, पण उच्चार 'ईसलांट' असा होतो. तिथला 'एस' खरा आहे, उच्चारला जातो, आणि तो बर्फ या अर्थाच्या शब्दाचा आहे. बेटाशी त्याचा काही संबंध नाही, जरी तो देश बेट असला तरी.

आपण विचारलेले चारही शब्द 'आइल'च्या घराण्यातले आहेत. 'इन्सुलर' म्हणजे बेटावरचा, आणि म्हणून बाहेरच्या जगाविषयी अनुत्सुक, संकुचित वृत्तीचा. 'इन्सुलेट' म्हणजे शब्दशः बेट करून टाकणे. विजेची तार किंवा गरम पाण्याची नळी बाहेरच्या स्पर्शापासून तोडणे हा अर्थ त्यातूनच आला. 'आयसोलेट'मध्येही तेच बेट आहे, फक्त ते इटालियन 'इसोला'वरून फ्रेंचमार्गे आले. म्हणून स्पेलिंग बदलले आणि नाते ओळखू येईनासे झाले.

या घराण्यात एक औषधही आहे. पाउल लांगरहान्स यांनी १८६९ साली, विद्यार्थी असतानाच, स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे वेगळे पुंजके पाहिले. पुढे त्या पुंजक्यांना छोटी बेटे असे नाव पडले, इंग्रजीत 'आइलेट्स'. त्या बेटांतून स्रवणाऱ्या आणि १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी वेगळ्या काढलेल्या द्रव्याला 'इन्सुला'वरून 'इन्सुलिन' म्हणतात.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'आयलँड' रोजच्या बोलण्यात राजा आहे, पण शास्त्रीय आणि भाववाचक शब्द घडवण्याचे काम सगळे 'इन्सुला'कडे आहे. जर्मन भाषेत बोलण्यातली वाटणी नेमकी उलटी आहे. तिथे लॅटिन मुळाचा 'इन्झल' हा साधा, रोजचा शब्द आहे, आणि 'आयलँड'चा सख्खा भाऊ 'आयलांट' हा कवितेतला. म्हणजे कोणता शब्द भारदस्त ठरेल हे मुळावरून ठरत नाही, वापरावरून ठरते.

उत्तर (संस्कृतची अभ्यासक)

तिसरा प्रश्न, 'बेट' आणि 'द्वीप' यांच्या वाटणीचा, अजून तसाच राहिला आहे, म्हणून लिहिते.

'द्वीप' म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे ते. 'द्वि' आणि 'अप्' म्हणजे पाणी, असा हा समास आहे. 'द्वि'पुढे 'अप्'चे 'ईप' कसे होते, हे पाणिनीने सहाव्या अध्यायात एका सूत्रात सांगितले आहे. त्याच सूत्राने 'अन्तरीप' आणि 'समीप' हे शब्दही सिद्ध होतात. 'समीप'मध्ये पाणी आहे हे आपण पूर्णपणे विसरलो आहोत, जसे इंग्रजी बोलणारे 'आयसोलेट'मधले बेट विसरले.

'पेनिन्सुला' या शब्दापाशी मला विशेष थांबावेसे वाटते. लॅटिन 'पेने' म्हणजे जवळजवळ. 'पेनल्टिमेट' म्हणजे उपान्त्य या शब्दातही तोच आहे. म्हणून 'पेनिन्सुला' म्हणजे जवळजवळ बेट. आपला 'द्वीपकल्प' शब्द नेमके हेच सांगतो. त्यातील 'कल्प' म्हणजे कल्पना नव्हे. किंचित अपुरेपणा दाखवणारा तो प्रत्यय आहे, आणि पाणिनीने तो पाचव्या अध्यायात दिला आहे. 'ऋषिकल्प' म्हणजे जवळजवळ ऋषीच, 'मृतकल्प' म्हणजे जवळजवळ मेलेला, तसे 'द्वीपकल्प' म्हणजे बेट व्हायला थोडेसेच कमी पडलेले. हिंदीतला 'प्रायद्वीप' हाच अर्थ वेगळ्या शब्दाने देतो. शाळेच्या भूगोलात आपण हा शब्द शेकडो वेळा म्हणतो आणि त्याच्या नेमकेपणाकडे पाहतही नाही, याचे मला वाईट वाटते.

आता वाटणीबद्दल. 'बेट' हे 'आयलँड'च्या जागी आणि 'द्वीप' हे 'आइल'च्या जागी, असे समीकरण वरवर सुबक दिसते, पण मी ते सरसकट करणार नाही. 'द्वीप'चा भारदस्त सूर 'आइल'सारखा आहे, हे खरे. परंतु मराठीत 'द्वीप' शब्द घडवण्याचे काम करते: द्वीपसमूह, द्वीपकल्प, द्वीपीय. म्हणजे कामाने ते 'इन्सुला'सारखे आहे, आणि 'इन्सुलर' किंवा 'पेनिन्सुला' जिथे येतील तिथे ते वापरावेच लागेल. 'बेट' हा शब्द 'आयलँड'सारखाच मोकळा आणि घरगुती आहे. रस्त्यावरच्या 'आयलँड'ला आपण 'वाहतूक बेट' म्हणतोच. शिवाय 'बांबूचे बेट' म्हणताना जो अर्थ येतो, दाटीने उभ्या असलेल्या आणि आजूबाजूपासून वेगळ्या पडलेल्या समूहाचा, तो इंग्रजी 'आयलँड'जवळ नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणातल्या परिच्छेदासाठी माझा सल्ला असा आहे: लेखक माहिती देत असेल तिथे 'बेट' ठेवा, आणि 'आइल' वापरताना तो भावनेने बोलत असेल, तर शब्द बदलण्याऐवजी वाक्याचा सूर बदला. 'ते लहानसे बेट', 'ती समुद्रातली भूमी' असे काही. तिथे एकदम 'द्वीप' लिहिले, तर काव्य येण्याऐवजी भूगोलाचे पाठ्यपुस्तक येईल.

उत्तर (नकाशांचा अभ्यासक)

एक छोटी भर. तुमच्या पुस्तकात जहाजाचे किंवा विमानाचे वर्णन आले, तर तिसराच एक 'आइल' भेटेल, ज्याचे स्पेलिंग 'ए' या अक्षराने सुरू होते आणि ज्याचा अर्थ आसनांच्या रांगांमधली वाट असा आहे. उच्चार अगदी तोच. तो लॅटिन 'आला' म्हणजे पंख या शब्दापासून आला आहे. आधी तो चर्चच्या मुख्य दालनाच्या बाजूच्या पंखासारख्या भागासाठी होता. 'आइल'शी गल्लत होऊन त्यातही 'एस' शिरला, आणि पुढे फ्रेंचमधला पंखाचा शब्द पाहून आरंभी 'ए' लागला. ध्वनिमुद्रणावरून भाषांतर करत असाल, तर संदर्भ पाहूनच ठरवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तो परिच्छेद आज पुन्हा वाचला. लेखक पहिल्या वाक्यात बेटाचे क्षेत्रफळ आणि भोवतालच्या पाण्याची खोली सांगतो, आणि 'आइल' येतो तो त्याचे बालपण तिथे गेल्याचे सांगताना. मी पहिल्या जागी 'बेट' ठेवले आहे आणि दुसऱ्या जागी 'आमचे ते इवलेसे बेट' असे केले आहे. पहिल्या दोन प्रकरणांतील सगळ्या 'आइल'ही पुन्हा तपासत आहे. त्यांत आइल ऑफ थॅनेटच्या नावापुढे मी 'बेट' लिहिले होते, ते काढून टाकले, आणि पहिल्या उल्लेखाला एक तळटीप जोडली की ही जागा आता बेट उरलेली नाही.